डोळ्याचा आतला नकाशा आणि अहिंसेचा जमाखर्च



संवत्सरीच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्या क्षमायाचनेत पायाखाली आलेल्या मुंगीचे स्मरण असते, पाण्यातील व वनस्पतीतील सूक्ष्म जीवांचेही असते. परंतु औषधसंशोधनासाठी पिंजऱ्यात वाढविलेला ससा, पांढरा उंदीर किंवा गिनीपिग यांचे स्मरण आपल्यापैकी किती जणांना होते? हे जीव आपल्या डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून त्यांच्याशी आपला काही संबंध नाही असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रवरेकाठच्या बेलापुरापासून नगर-पुण्यापर्यंत आपल्या समाजातील अनेक घरे औषधविक्रीवर उभी आहेत. ज्यांचे किराणा, भुसार किंवा कापडाचे दुकान आहे, त्यांच्याही बचतीतील काही भाग औषध कंपन्यांच्या समभागांत असतो. आणि डोळ्यांत घालण्याच्या थेंबांची बाटली नाही असे घर तर शोधूनही सापडणार नाही.

त्या बाटलीमागे एक दीर्घ इतिहास आहे. त्यातील एका नव्या वळणाचा परिचय करून देणे हा आजच्या लेखाचा हेतू. रुग्णालयात आपण ज्याला एमआरआय म्हणतो, त्या चुंबकीय यंत्राने आता प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या डोळ्यांची अंतर्रचना, डोळ्याला शस्त्र न लावता, पाहता येते. अहिंसेला श्रेष्ठ धर्म मानणाऱ्या गृहस्थाने या गोष्टीकडे कसे पाहावे, याचा विचार येथे करू.

प्रथम हे समजून घेऊ की डोळ्याच्या विद्येला प्राण्यांची गरज का भासली. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांची एकेक पापणी शिवून टाकली. काही आठवड्यांनी टाके काढले तेव्हा डोळा निकोप होता, परंतु मेंदूने त्या डोळ्याकडून पाहणे जवळजवळ सोडून दिले होते. बालवयातील ठरावीक काळ निसटला की दृष्टी पुढे नीट घडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तान्ह्या मुलाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, 'आळशी डोळा' असलेल्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्या डोळ्याला काम करावयास लावावे, या आजच्या उपचारांना त्या ज्ञानाचा भक्कम आधार आहे. दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वीझेल आणि एलिओ रावियोला यांनी १९७७ साली आणखी एक गोष्ट दाखविली. माकडाच्या पिलाची पापणी शिवली, तर तो डोळा प्रमाणाबाहेर लांब वाढतो आणि पिलाला दूरचे दिसेनासे होते. मुलांना लागणाऱ्या उणे नंबरच्या चष्म्याचा पुढील बराचसा अभ्यास या निरीक्षणापासून सुरू झाला.

या हकिकती वाचताना मन दोन्ही बाजूंनी ओढले जाते. शेजारच्या मुलीचा तिरळेपणा व अंधत्व टळले याचा आनंद खरा आहे. त्या पिलांचे दुःखही तितकेच खरे आहे. यांपैकी एक बाजू झाकून दुसरीवर भाष्य करणे सोपे असते, पण ते प्रामाणिक नव्हे.

आता जुन्या पद्धतीचा हिशेब पाहा. डोळा जन्मानंतर कसा वाढतो हे जाणावयाचे, तर पहिल्या आठवड्याचे काही प्राणी मारून त्यांचे डोळे काढावयाचे, ते रसायनात टिकवून त्यांचे पातळ काप करावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजावयाचे. दुसऱ्या आठवड्यासाठी दुसरे प्राणी, तिसऱ्यासाठी तिसरे. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. पाच टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला दहा प्राणी धरले, तर पन्नास जीव गेले. शिवाय मारलेला प्राणी एकदाच मोजता येतो. या आठवड्यातील उंदीर मागील आठवड्यातील उंदरापेक्षा वेगळा असल्यामुळे, दिसलेला फरक वाढीचा की दोन प्राण्यांमधील मूळचाच, हा संशय राहतो. तो दूर करण्यासाठी प्राण्यांची संख्या वाढवावी लागते. त्यातही रसायनात टिकविताना डोळ्याच्या ऊती आक्रसतात आणि मूळचा आकार बिघडतो. म्हणजे इतके जीव घेऊनही मिळणारे माप पूर्णपणे खरे नसते.

एमआरआयने हा हिशेब बदलला. त्याचे तत्त्व थोडक्यात असे. शरीराचा मोठा भाग पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात त्या अणूंची केंद्रके इवल्या होकायंत्रांप्रमाणे वागतात. त्यांना योग्य कंपनसंख्येची रेडिओलहर दिली की ती क्षणभर विचलित होतात आणि पूर्वस्थितीला येताना स्वतःची मंद खूण सोडतात. भिंगातील घट्ट पाणी, डोळ्यातील जेलीसारख्या द्रवातील सैल पाणी आणि स्नायूतील पाणी यांच्या खुणा निरनिराळ्या असतात. त्यांवरून संगणक आतील चित्र उभे करतो. या विद्येच्या पायाभरणीत भारतीय हातही आहे. स्टॅनफर्ड येथे १९५१ साली अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनच्या तीन वेगवेगळ्या खुणा प्रथम स्पष्ट करून दाखविणाऱ्या तिघांपैकी एक एस. एस. धर्मट्टी होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम पुढे त्यांनीच उभे केले. त्या खुणांपासून चित्र घडविण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. तिला पुढे नेणारे पीटर मॅन्सफिल्ड आणि लॉटरबर यांना २००३ साली नोबेल मिळाले.

प्राण्यांचा डोळा पाहणे मात्र कठीण काम आहे. माणसाचा डोळा समोरून मागेपर्यंत सुमारे २४ मिलिमीटर असतो, गिनीपिगचा सुमारे ८, उंदरांतील मोठ्या जातीचा सुमारे ६, आणि छोट्या पांढऱ्या उंदराचा जेमतेम सव्वातीन मिलिमीटर, म्हणजे मिरीच्या दाण्याहून थोडाच लहान. रुग्णालयातील यंत्राचे चुंबक बहुधा दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचे असते. एवढ्याशा डोळ्यासाठी सात किंवा साडेनऊ टेस्लाच्या जवळपासचे अरुंद नळीचे यंत्र आणि डोळ्यालगत ठेवण्याचे छोटे वेटोळे लागते. मग भिंगाची जाडी, डोळ्याच्या पोकळीचा आकार, बुबुळाच्या पडद्यामागील भाग हे सारे जिवंत प्राण्यात मोजता येते. प्रकाशावर चालणारी उपकरणे मोतीबिंदूच्या पलीकडे पाहू शकत नाहीत, कारण पांढरे पडलेले भिंग प्रकाश अडविते. चुंबकाला भिंग पारदर्शक आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे की तोच प्राणी पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा पाहता येतो. कालच्या मापाशी आजचे माप त्याच जिवाचे ताडून पाहावयाचे असल्याने प्राणी कमी लागतात. आपल्या उदाहरणातील पन्नासांच्या जागी दहा प्राणी पुरू शकतात. ज्यांचे मोजमाप झाले त्यांना केवळ मापासाठी मारण्याचे कारण उरत नाही.

याहून पुढचे पाऊल अधिक आशादायक आहे. जी पद्धत प्राण्याला इजा करीत नाही, ती राजीखुशीने पुढे आलेल्या माणसावरही वापरता येते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डेव्हिड अ‍ॅचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण स्वयंसेवकांच्या डोळ्यांचे एमआरआय करून उणे नंबरच्या डोळ्याचा आकार मोजला. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. असा डोळा सर्व बाजूंनी थोडा वाढतो, पण लांबीत सर्वाधिक वाढतो, हे जिवंत माणसांतच दिसून आले. ज्या प्रश्नासाठी पूर्वी पिंजऱ्यातील मुक्या जिवाकडे जावे लागे, त्यातील काही भाग आता संमती देऊ शकणाऱ्या माणसाला विचारता येतो.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. यंत्रात प्राणी निश्चल राहिला पाहिजे, म्हणून त्याला भूल द्यावी लागते. भुलेत लहान प्राण्याचे शरीर झपाट्याने थंड पडते, श्वास मंदावतो. त्यासाठी ऊब आणि श्वासावर सतत लक्ष आवश्यक असते, आणि क्वचित प्राणी शुद्धीवर येतही नाही. दुसरी मर्यादा सूक्ष्मतेची आहे. छोट्या उंदराच्या डोळ्याच्या लांबीत मिलिमीटरच्या पाच-सहा सहस्रांशाचा फरक पडला तरी नंबर एकाने बदलतो. इतका बारीक फरक एमआरआयच्या चित्रात सहसा उमटत नाही. तेथे प्रकाशावर चालणारी दुसरी अहिंसक उपकरणे वापरावी लागतात, किंवा शेवटी सूक्ष्मदर्शकच. म्हणून अनेक प्रयोगांत एमआरआय झाल्यावरही अखेरीस प्राणी मारला जातो.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाहण्याची रीत सौम्य झाली म्हणून प्रयोग सौम्य होतोच असे नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे अर्ल स्मिथ यांच्या गटाने रीसस माकडांच्या पिलांना धूसर काचा लावून त्यांची दृष्टी बिघडविली आणि डोळ्याचा बदललेला आकार एमआरआयने मोजला. ते काम २००९ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने पिलाला जखम केली नाही, परंतु पिलाचे बालपण त्या काचांआड गेले. डोळ्याच्या कडेकडून येणारी प्रतिमासुद्धा डोळ्याची वाढ ठरविते, हे याच गटाच्या संशोधनाने ठळक केले. मुलांचा नंबर वाढू नये म्हणून आज शहरांतील चष्म्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या खास काचांमागे हीच कल्पना आहे. उद्या आपल्या नातवाच्या नाकावर तसा चष्मा आला, तर त्यामागे कोणाचे ऋण आहे हे आपल्याला ठाऊक असावे. रीसस माकड मूळ आपल्याच देशाचे. त्यांची निर्यात भारताने १९७८ साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, बंद केली, ही गोष्ट येथे आठवते.

आता आपल्या धर्मदृष्टीने विचार करू. जैन शास्त्रात हिंसेचा दोष केवळ प्रत्यक्ष करणाऱ्याला लागत नाही. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास संमती देणे असे तिन्ही मार्ग सांगितले आहेत. बाटली विकणारा, विकत घेणारा आणि त्या कंपनीच्या लाभांशावर समाधान मानणारा यांचा वाटा कमी-अधिक असेल, पण तो शून्य नाही. दुसरीकडे, गृहस्थाला संपूर्ण अहिंसा शक्य नाही हेही शास्त्राने मान्य केले आहे. म्हणूनच त्याला अणुव्रते दिली आणि प्रत्येक कृतीत जयणा, म्हणजे सावध काळजी, सांगितली. पाणी प्यावेच लागते, म्हणून ते गाळून प्यावे. एमआरआयसारख्या साधनाकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्याने हिंसा नाहीशी होत नाही. परंतु जेथे ज्ञान मिळविणे अटळ ठरते, तेथे हे साधन एका प्रकारे गळण्याचे काम करते. मात्र गळणे घरात आहे म्हणून कोणी वाटेल तेवढे पाणी सांडत नाही. 'आता इजा होत नाही' या समजुतीने अनावश्यक प्रयोग वाढले, तर हेच साधन आपल्या विवेकाला भूल देणारे ठरेल.

आणखी एका ठिकाणी आपली दृष्टी उपयोगी पडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोग शक्य तेथे टाळावेत असे सांगितले आहे. तसेच लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत, असेही म्हटले आहे. कायद्याचा हेतू चांगला आहे. परंतु आपल्याकडे जिवांचे वर्गीकरण आकाराने होत नाही, इंद्रियांनी होते. चक्षुरिंद्रिय चतुरिंद्रिय जिवांपासून आढळते. उंदीर, ससा आणि माकड हे तिघेही पंचेंद्रिय आहेत. माकडाच्या जागी उंदीर आला म्हणजे वेदना लहान झाली, असे आपण म्हणू शकत नाही. दहा प्राण्यांना पाच-पाच वेळा भूल देणे बरे की पन्नासांना एकदा मारणे, हा प्रश्नही केवळ संख्येचा नाही. जीव वाचतात म्हणून पहिला मार्ग मला ग्राह्य वाटतो. पण वाचलेल्या दहांवर पडणारा अधिक भार कमी करण्याची जबाबदारी त्याबरोबरच येते.

मग आपण करावे काय? केवळ हळहळ व्यक्त करून व्यापाऱ्याचे भागत नाही. काही ठोस गोष्टी आपल्या हाती आहेत.

पहिली गोष्ट खरेदी-विक्रीची. जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली रूढ केलेल्या चाचणीत सशाच्या उघड्या डोळ्यात पदार्थ घालून जळजळ मोजली जात असे. काजळ-शाम्पूसाठीही असंख्य सशांनी हे सोसले. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी तशा आयातीलाही मनाई केली. पुण्यातील 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून याविषयी लोकजागृती करीत आली आहे. आज अशा कामासाठी संवर्धित मानवी पेशींच्या थरांवरील चाचण्या उपलब्ध आहेत. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांतही दुरुस्ती करून प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना स्थान दिले. आपल्या दुकानात येणाऱ्या मालाबद्दल वितरकाला याविषयी विचारणे, कंपनीच्या भागधारकाने पत्राने विचारणा करणे, हे अवघड नाही. ग्राहक विचारतो तेव्हा व्यापार बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

दुसरी गोष्ट देखरेखीची. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नियमानुसार प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. तीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्याबरोबर शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य असतो, आणि त्याची नेमणूक केंद्रीय समितीकडून होते. आपल्या समाजातील सुशिक्षित, जाणत्या व्यक्तींनी या जागेसाठी पुढे यावे. तेथे मोडता घालणे हे त्यांचे काम नाही. प्राणी इतकेच का हवेत, एमआरआय किंवा अन्य अहिंसक पद्धतीने हे जमणार नाही काय, भूल आणि वेदनाशमन यांची व्यवस्था काय, असे साधे प्रश्न त्यांनी चिकाटीने विचारावेत. खर्चाच्या प्रत्येक नोंदीला पावती मागण्याची आपली सवय तेथे फार मोलाची ठरेल.

तिसरी गोष्ट नेत्रदानाची. प्रत्यारोपणाला न चालणारे दान केलेले डोळे, कुटुंबीयांच्या संमतीने, शिक्षण व संशोधनासाठी वापरता येतात. मानवी डोळ्याचा अभ्यास मानवी डोळ्यावर होऊ लागला, तर तितकी मुक्या जिवांवरील भिस्त कमी होते. आचार्य आनंदऋषीजी महाराज याच जिल्ह्यातील चिचोंडीचे. नगरात त्यांच्या नावाने उभे असलेले रुग्णालय रुग्णसेवेचे काम करीत आहे. त्यांच्या जिल्ह्यातील प्रत्येक घराने मृत्यूनंतर पहिल्या काही तासांत नेत्रपेढीला कळविण्याचा संकल्प केला, तर तो जीवदयेचाही संकल्प ठरेल.

चौथी गोष्ट खास आपली आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली प्रयोगशाळांसाठी तीन कसोट्या सांगितल्या: प्राण्यांऐवजी दुसरा पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे. भारताच्या केंद्रीय समितीने त्यांत चौथी कसोटी जोडली, ती प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची. ज्या प्राण्याला रोगजंतू टोचलेले नाहीत, ज्याच्या जनुकांत बदल केलेला नाही, ज्याचे केवळ चित्र घेतले, तो प्रयोगानंतर जगू शकतो. परंतु तो जाणार कोठे? पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा ससा शेतात सोडणे म्हणजे त्याला कुत्र्या-घारीच्या तोंडी देणे होय. त्याला निवारा आणि पशुवैद्य हवा. नर-मादी वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही हवी.

येथे आपल्या पांजरपोळांची आठवण करावीशी वाटते. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. रस्त्यावरील बेवारस कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेच्या पार्श्वभूमीवर ते उभे राहिले होते. पांजरपोळ म्हणजे केवळ गोशाळा अशी समजूत पुढे रूढ झाली, पण मूळ कल्पना ज्या जिवाला कोणी वाली नाही त्याला जागा देण्याची होती. आपल्या भागातील एखाद्या पांजरपोळाने पशुवैद्याच्या सल्ल्याने एक लहान कक्ष प्रयोगमुक्त सशांसाठी व गिनीपिगांसाठी उघडला आणि नगर-पुण्यातील महाविद्यालयांना तसे लेखी कळविले, तर प्राणी मारून टाकण्यामागचे 'ठेवावयास जागा नाही' हे कारण तरी शिल्लक राहणार नाही. खर्च फार नाही. एका चातुर्मासातील काही नैमित्तिक भोजनांइतका.

विज्ञानाने शस्त्र न लावता डोळ्याच्या आत पाहण्याची सोय केली. तिचे आपण स्वागत करावे, तिच्या मर्यादा ओळखाव्यात आणि उरलेल्या हिंसेचा हिशेब विचारीत राहावे. येत्या संवत्सरीला क्षमापनेसाठी हात जोडताना त्या पिंजऱ्यांतील जिवांचेही नाव मनात असू द्यावे, आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी किमान एकीचा आरंभ त्याआधी झालेला असावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.